मॅडमचे मिस्टर

विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत भाऊसाहेबांना ‘कसे आहात?’ असं कोणी विचारत नसे. ‘भाऊसाहेब, हे कसं करायचं?’ असंच विचारत, आणि त्यांनाही तेच आवडायचं. प्रमाणपत्र विभागात त्यांचं टेबल दारासमोरच होतं, आत येणारा आधी तिथेच अडायचा. विद्यार्थ्याच्या नावात बदल करायला कोणते कागद लागतात, कुलसचिवांकडे जाणाऱ्या टिपणाखाली ‘मान्यतेस्तव सादर’ लिहायचं की ‘माहितीस्तव सादर’, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण विचारणाऱ्याला लगेच सांगतील तर ते भाऊसाहेब कसले! आधी चष्मा काढायचा, रुमालाने पुसायचा, समोरच्याला जरा ताटकळत ठेवायचं, मग तोंड उघडायचं. भाव खाण्यात त्यांचा हात धरणारा त्या इमारतीत कोणी नव्हता.

बायकोलाही तिथे आपणच चिकटवलं, असं ते सांगत. खरं तर ती रीतसर परीक्षा आणि मुलाखत देऊन प्रवेश विभागात लागली होती. पण अर्ज भाऊसाहेबांनी आणून दिला होता, आणि तेवढ्यावर त्यांनी उपकाराचं ओझं कायमचं तिच्या डोक्यावर ठेवून दिलं. भाऊसाहेबांची बायको म्हणून ती साऱ्या इमारतीची वहिनी झाली. शिपायापासून उपकुलसचिवांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. वहिनी म्हटलं की भाऊ कोण हे वेगळं सांगावं लागत नाही, त्यामुळे ती हाक भाऊसाहेबांना तिच्यापेक्षा जास्त सुखवायची.

घरातही यंत्रांचं खातं त्यांच्याकडेच होतं. टीव्हीचा रिमोट त्यांच्या उशाशी असे. मिक्सर बंद पडला की ते तो उघडून बसत, आणि उघडलेले सुटे भाग पिशवीत घालून बायको तो दुकानात नेत असे. ‘तू हात लावू नकोस, बिघडवशील,’ हे वाक्य तिने लग्नापासून इतक्या वेळा ऐकलं होतं, की ती त्याकडे घड्याळाच्या टिकटिकीइतकंही लक्ष देत नसे.

आणि मग विद्यापीठात सिस्टिम आली. फाइल आता हातातून हातात जाणार नाही, संगणकावरून जाईल, असं परिपत्रक निघालं. सभागृहात प्रशिक्षण ठेवलं गेलं. मानाप्रमाणे भाऊसाहेब पहिल्या रांगेत जाऊन बसले. समोर संगणक, हाताशी माऊस. पडद्यावरचा बाण एका कोपऱ्यात जाऊन अडकला आणि काही केल्या हलेना, तेव्हा भाऊसाहेबांनी माऊस उचलून हवेत फिरवला. शिकवायला आलेला तरुण इंजिनिअर धावत आला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, “काका, तो टेबलावरच ठेवायचा असतो.”

मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं. काका! ज्या सभागृहात त्यांनी नव्या लोकांना कामाची शिस्त शिकवली, तिथे ते काका झाले होते. भाऊसाहेबांनी न वाजलेला फोन कानाला लावला, ‘हो हो, आलोच,’ म्हणत उठले, आणि त्यानंतर प्रशिक्षणाच्या वाटेला फिरकले नाहीत. डोळ्यांना त्रास होतो, असं त्यांनी सगळीकडे सांगून टाकलं.

वहिनी शेवटच्या रांगेत होती. ती दर थोड्या वेळाने हात वर करायची. “मला नाही कळलं, परत सांगा.” परत सांगितलं, की म्हणायची, “आता पहिल्यापासून सांगा.” लोक हसले, तशी तीही हसली आणि पुन्हा तेच विचारलं. वर्षानुवर्षं ‘बिघडवशील’ ऐकलेल्या बाईला चुकण्याची धास्ती कसली? ती बिघडवतच शिकली. एकदा तिने प्रवेश विभागाची सगळी यादी पडद्यावरून घालवली, संगणकवाल्याकडून ती परत कशी आणायची ते शिकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा घालवून स्वतः परत आणली.

पावसाळा संपेपर्यंत चित्र पालटलं. सकाळी दारातून आत येणारे लोक भाऊसाहेबांच्या टेबलापाशी अडायचे थांबले. ‘नमस्कार भाऊसाहेब’ एवढं म्हणून ते सरळ पुढे, डावीकडे वळून प्रवेश विभागात जायचे. तिथून आवाज यायचा, “वहिनी, फाइल पुढे जात नाहीये हो, जरा बघता का?” भाऊसाहेब चष्मा पुसत बसायचे. इतका पुसायचे, की काचा झिजतील अशी भीती वाटावी.

पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. बाहेरच्या कोणाचा हेवा असता तर घरी जाऊन बायकोजवळ त्याला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथे बायकोच डोळ्यात खुपत होती, मग सांगायचं कोणाला? तिची बोटं कळफलकावर झरझर चालत ते खुपायचं. तिच्या टेबलावर लोकांनी ठेवलेले चहाचे कप खुपायचे. कुलसचिवांनी तिला केबिनमध्ये बोलावलं की भाऊसाहेबांना नेमकं त्याच वेळी पाणी प्यायला जायचं असायचं, कारण पाण्याची टाकी त्या केबिनच्या दारापाशी होती. आतून हसण्याचा आवाज आला की दिवस वाया गेला. संध्याकाळी ते तिला सहज विचारल्यासारखं विचारत, “आज काय, साहेबांकडे बरंच काम होतं वाटतं?”

“काही नाही हो. त्यांचा प्रिंटर चालत नव्हता.”

“मग एवढं हसू कशाचं?”

“वायरच लावली नव्हती त्यांनी,” ती म्हणाली आणि पुन्हा हसली. भाऊसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. वायर लावलेली नाही एवढं तर त्यांनाही कळलं असतं.

एके दिवशी शिपाई चहा घेऊन आला आणि बोलता बोलता म्हणाला, “मॅडमना देऊन येतो आधी.”

“कोण मॅडम?”

“आपल्या... म्हणजे वहिनी हो,” शिपाई गडबडला.

भाऊसाहेबांनी तो चहा तसाच थंड होऊ दिला. वहिनी म्हणजे त्यांची कोणीतरी होती. मॅडम कोणाची कोणी नसते, ती स्वतःच असते. पुढच्या आठवड्यात सगळी इमारत मॅडम म्हणायला लागली. त्याहून वाईट म्हणजे, जिन्यात एक नवा कारकून दुसऱ्याला त्यांच्याकडे बोट दाखवून सांगताना त्यांनी ऐकलं, “हे कोण आहेत माहीत आहे का? मॅडमचे मिस्टर.”

अशातच कार्यालय अधीक्षक निवृत्त व्हायची वेळ आली. काचेची केबिन, हातांची खुर्ची, दारावर नाव. ती खुर्ची आपली, हे भाऊसाहेबांनी मनात इतक्या आधी ठरवलं होतं, की केबिनच्या खिडकीला कोणता पडदा लावायचा तेही पक्कं होतं. ज्येष्ठतेत त्यांच्या वर कोणी नव्हतं, आणि त्यांच्या लगेच खाली बायको होती. पण कुलसचिवांनी बैठकीत सांगून टाकलं, की नुसती ज्येष्ठता बघणार नाही, सिस्टिमवर कोण काम करतं तेही बघणार. भाऊसाहेबांच्या नावावरची कामं तर कुलसचिवांच्या पडद्यावर लाल अक्षरांत साचली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला म्हटलं, “डोळे फार चुरचुरताहेत गं. जरा माझं एवढं बघतेस?”

तिने काही न बोलता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पासवर्ड विचारला, त्यांनी सांगितला. यात चोरीमारी आहे असं कोणालाच वाटत नसे. सगळ्या इमारतीत हीच रीत होती. निम्म्या लोकांचे पासवर्ड टेबलाच्या काचेखाली होते, उरलेल्यांचे शेजाऱ्याच्या डोक्यात. पहिल्या दिवशी भाऊसाहेब शेजारी खुर्ची ओढून बसले आणि टिपणाचा मजकूर सांगू लागले. डोकं माझं, बोटं तेवढी हिची, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आठवड्याभरात लक्षात आलं, की ते वाक्य सांगून पूर्ण करायच्या आत तिचं लिहून झालेलं असतं, आणि तेही त्यांच्याच भाषेत, ‘मान्यतेस्तव सादर’सकट. मग ते टीव्हीसमोर जाऊन बसू लागले. ती रोज संध्याकाळी त्यांचं काम संपवायची आणि मग कणीक मळायला उठायची. एकदा टेबलावरूनच म्हणाली, “अहो, पासवर्डची मुदत संपली होती, मी बदललाय, लिहून ठेवा.” भाऊसाहेबांनी आवाज वाढवून ‘हो हो’ म्हटलं. आवाज टीव्हीचा वाढवला होता.

याच सुमारास एक संशोधक मुलगी इमारतीत फिरू लागली. विद्यापीठातले कर्मचारी तंत्रज्ञान कशामुळे वापरतात आणि कशामुळे टाळतात, असा तिच्या पीएच.डी.चा विषय होता. भाऊसाहेबांच्या कामात एकही लाल अक्षर उरलेलं नाही असं ऐकून ती त्यांच्यापाशी आली. तिने पर्याय वाचून दाखवले. उपयोगी वाटतं म्हणून, सोपं वाटतं म्हणून, चांगलं प्रशिक्षण मिळालं म्हणून, वरिष्ठांनी सांगितलं म्हणून, सहकारी वापरतात म्हणून. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. कोणीतरी त्यांना पुन्हा काही विचारत होतं! “असं आहे बघा,” ते म्हणाले, “माणसाने काळाबरोबर चालायला हवं. इच्छा असली की वय आड येत नाही.” मुलीने ते भक्तिभावाने टिपून घेतलं. डावीकडच्या दारात बायको फाइल घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

महिन्याअखेरीस कुलसचिवांनी सिस्टिमवर उत्तम काम करणाऱ्यांची नावं जाहीर केली. पहिलं नाव भाऊसाहेबांचं. दुसरं बायकोचं. दोघांचं काम एकटीने ओढताना तिचं स्वतःचं काम जरा मागे पडलं होतं. कोणीही शहाणा माणूस त्या ठिकाणी ओशाळला असता. भाऊसाहेब हरखले. कित्येक महिन्यांनी त्यांना जेवण गोड लागलं. जेवताना ते बायकोचा चेहरा चोरून बघत होते, कुठे जळल्याची खूण दिसते का म्हणून.

“अभिनंदन,” ती म्हणाली आणि ताटात भात वाढला.

“तुला वाईट नाही ना वाटलं? दुसरी आलीस म्हणून?”

“मला कशाला वाईट वाटेल? खुर्ची तुम्हाला मिळाली की झालं.”

ती जळत नाही म्हटल्यावर भाऊसाहेबांचा सगळा आनंद गेला. एवढं मोठं मन दाखवायची काय गरज होती हिला! त्यातही हीच वरचढ.

कर्मचाऱ्यांची वार्षिक सभा जवळ आली. कुलसचिवांनी भाऊसाहेबांना बोलावून सांगितलं, “मंचावर या, सगळ्यांसमोर एक फाइल पाठवून दाखवा. तुमच्या वयाच्या माणसाने दाखवलं की बाकीच्यांची भीड चेपेल. त्यानंतर अधीक्षकपदाचंही जाहीर करू म्हणतो.”

घरी आल्यावर बायको म्हणाली, “बसा, एकदा करून बघा माझ्यासमोर.”

“मला तू शिकवणार?” भाऊसाहेब म्हणाले. “इतके दिवस बघतोय. पाठ झालंय सगळं.”

तिने लॅपटॉप मिटला. खरं सांगायचं तर त्यांना पाठ झालंही होतं. टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा अर्धा डोळा कायम तिच्या बोटांवर असायचा. हेव्यासारखी शिकवणी दुसरी नसावी. कुठे दाबायचं, कागद कुठून जोडायचा, पुढे कोणाकडे पाठवायचं, सगळं त्यांनी टिपलं होतं.

सभागृह भरलं होतं. तेच सभागृह, तीच पहिली रांग. मंचावर संगणक होता आणि त्याचा पडदा मागच्या भिंतीवर मोठा दिसत होता. भाऊसाहेबांनी माऊस टेबलावरच ठेवला, बाण बरोबर जागी नेला, आणि आपला पासवर्ड घातला. ‘पासवर्ड चुकीचा आहे,’ असं भिंतभर उमटलं. त्यांनी पुन्हा घातला. पुन्हा चुकीचा. आता कुठे त्यांना टीव्हीच्या आवाजातलं ते वाक्य आठवलं. तिने काय ठेवला असेल? एकेक अक्षर तोंडाने म्हणत त्यांनी सासरी गेलेल्या मुलीचं नाव घालून पाहिलं. आपली जन्मतारीख घातली. आईचं नाव घातलं. राहत्या सोसायटीचं नाव घातलं. तशी भिंतीवर लाल अक्षरं आली, ‘यानंतर एकच संधी शिल्लक.’

सभागृहात खोकल्यासारखं काहीतरी चालू झालं. कुलसचिव घड्याळाकडे बघू लागले. समोरच्या गर्दीत भाऊसाहेबांना एकच चेहरा दिसत होता. समोर माईक आहे हे विसरून, घरात मारावी तशी त्यांनी हाक मारली, “अगं, पासवर्ड काय ठेवलायस?”

मग सभागृह असं हसलं, की बाहेर पार्किंगमधला सुरक्षारक्षक आत डोकावून गेला. त्यातून बायको वाट काढत मंचावर आली. तिने कोणाकडे बघितलं नाही. कळफलकावर बोटं चालवली, सिस्टिमचं दार उघडलं, आणि ती बाजूला झाली. कुलसचिवांनी हळूच विचारलं, “मॅडम, हे काम तुम्ही करत होता?”

“आम्ही दोघं मिळून करतो, सर. मजकूर यांचा असतो,” ती म्हणाली. “दाखवा ना हो तुम्ही पुढचं.”

आणि भाऊसाहेबांनी दाखवलं. कागद जोडला, फाइल पाठवली, कुठेही अडले नाहीत. पण आता ते कोण बघतंय? लोक अजून डोळे पुसत होते. तिने त्यांची लाज राखायला सर्वांदेखत खोटं सांगितलं होतं, आणि या माणसाच्या मनात काय यावं? खोटंसुद्धा हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं!

कुलसचिव काही दुधखुळे नव्हते. त्या दिवशी पद जाहीर झालं नाही, नंतर झालं, आणि काचेच्या केबिनच्या दारावर बायकोचं नाव लागलं.

सभेच्या त्या दिवशी दोघं पायीच घरी निघाले होते. नेहमी पुढे चालणारे भाऊसाहेब मागे रेंगाळत होते. कोपऱ्यावर ती थांबली.

“सगळ्यांची नावं घालून बघितलीत,” ती म्हणाली. “मुलीचं, सासूबाईंचं, अगदी सोसायटीचंसुद्धा. माझं घालावंसं नाही वाटलं?”

“तुझं होतं?”

“नव्हतं.”

“मग?”

“मग काही नाही. मी तिथे बसून बघत होते. प्रत्येक वेळी वाटत होतं, आता माझं घालतील.”

तिचा आवाज रडवेला नव्हता, नुसता थकलेला होता. रोज संध्याकाळी दोन माणसांचं काम करणाऱ्या बाईचा आवाज थकलेला असतो, हेही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. जळणाऱ्या माणसाला समोरच्याची चढती तेवढी दिसते, दमणूक दिसत नाही.

यानंतर भाऊसाहेबांना उपरती झाली आणि हेवा पळाला, असं सांगितलं तर छान वाटेल. पण तसं काही झालं नाही. हेवा होता तिथेच राहिला, उलट आता त्याला केबिनची काच मिळाली. फरक एवढाच झाला, की त्यांनी तिला सांगितलं, माझं काम आता मीच करणार. सकाळी कोणी यायच्या आत ते टेबलापाशी असत. इंजिनिअरला गाठून ते म्हणत, “मला नाही कळलं, पहिल्यापासून सांग.” त्याने काका म्हटलं तर म्हणू देत. पासवर्ड बदलायची वेळ आली, तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि बायकोचं नाव घातलं. सिस्टिमने तो नाकारला. ‘सहज ओळखता येण्याजोगा आहे, दुसरा निवडा.’ नवरा-बायकोतलं इतकं साधं गणित या यंत्राला कळत होतं, आणि मंचावर त्यांना सुचलं नव्हतं.

त्यांची पहिली फाइल केबिनमध्ये गेली आणि परत आली. शेरा होता, ‘जोडपत्र नाही. दुरुस्त करून पाठवावे.’ काचेपलीकडे बायको फोनवर बोलत होती, मान वरही केली नव्हती. भाऊसाहेबांनी दात-ओठ खात जोडपत्र जोडलं. पुन्हा परत आली, तारीख चुकली होती. तिसऱ्या खेपेला ‘मान्य’ एवढा एकच शब्द आला, आणि भाऊसाहेबांना खुर्चीतून उठून कोणालातरी सांगावंसं वाटलं. ज्याला सांगावं असं माणूस काचेपलीकडे होतं. तिने फोन ठेवला होता आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. तिने भुवया उंचावल्या. त्यांनी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला.

उन्हाळ्यात ती संशोधक मुलगी दुसऱ्या फेरीला आली. आता भाऊसाहेबांच्या टेबलाशी पुन्हा दोन-चार लोक थांबू लागले होते. तिने मागचेच पर्याय वाचायला सुरुवात केली. “सर, मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, काळाबरोबर चालायला हवं...”

“ते खोड,” भाऊसाहेब म्हणाले.

“मग काय लिहू? उपयोगी वाटतं म्हणून? सोपं वाटतं म्हणून?”

“सोपं कसलं! जीव जातो.”

“वरिष्ठांनी सांगितलं म्हणून?”

भाऊसाहेबांनी काचेकडे पाहिलं. आत कुलसचिव उभे होते, बायको त्यांना पडद्यावर काहीतरी दाखवत होती, आणि दोघंही हसत होते. भाऊसाहेबांच्या पोटात नेहमीच्या जागी नेहमीसारखं दुखलं.

“बायकोवर जळून,” ते म्हणाले. “ती मोठी झाली ते सहन झालं नाही, म्हणून शिकलो. लिही.”

मुलगी कावरीबावरी झाली. “पण सर, असा पर्यायच नाहीये.”

“मग ‘इतर’मध्ये घाल,” भाऊसाहेब म्हणाले, “आणि खाली लिही, अजून जळतोय.”